वाचकांचे प्रश्न : दुःखातला आनंद आणि आपली साक्ष

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाभोवतीची आहेत, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे व गावे त्यांच्या विनंतीवरून दिलेली नाहीत.

प्रश्न : सप्रेम सलाम. माझे यजमान मागच्या पावसाळ्यात रस्ता-अपघातात वारले. पदरात दोन मुली आहेत. आमच्या मंडळीतील (चर्चमधील) भगिनी प्रेमळ आहेत, पण प्रार्थनासभेत भेटल्या की ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा’ हे वचन मला ऐकवतात. मीही उभी राहून साक्ष देते की प्रभूने मला शांती दिली आहे, आणि घरी आल्यावर मुली झोपल्या की रडत बसते. याकोबाच्या पत्रात तर परीक्षा आल्या की आनंदच माना, असे लिहिले आहे. मला तो आनंद होत नाही. माझा विश्वास कमी पडतो आहे का? मी साक्ष देणे थांबवावे का?

उत्तर : प्रिय भगिनी, सलाम. आपला विश्वास कमी पडलेला नाही. ज्या वचनाचे आपल्यावर ओझे झाले आहे, ते ज्या पत्रात आहे ते फिलिप्पैकरांस पत्र आपण एकदा पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सलग वाचावे, अशी माझी विनंती आहे. ते चारच अध्यायांचे आहे. प्रेषित पौलाने ते कैदेत, बेड्यांत असताना लिहिले. फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीत नावाच्या बांधवाच्या हाती त्याला मदत पाठवली होती, आणि तो बांधव पुढे इतका आजारी पडला की मरणाच्या दारातून परत आला. त्याविषयी दुसऱ्या अध्यायात पौल लिहितो की देवाने त्याच्यावर दया केली, आणि केवळ त्याच्यावर नव्हे तर माझ्यावरही केली, कारण मला दुःखावर दुःख होऊ नये. म्हणजे एक दुःख त्याच्याजवळ आधीच होते आणि दुसरे आपल्याला पेलवले नसते, हे तो आपल्या मंडळीला उघडपणे कळवतो. तिसऱ्या अध्यायात तर आपण हे रडत सांगत आहोत, असे त्याचेच शब्द आहेत. ‘आनंद करा’ हे चौथ्या अध्यायातले वाक्य अशा माणसाचे आहे. ते वाक्य पत्रातून उचलून एकटेच कोणाच्या हाती दिले, की त्याची आज्ञा होते आणि त्या आज्ञेखाली माणूस चिरडला जातो.

याकोबाचेही तसेच आहे. परीक्षांना तोंड द्यावे लागते तेव्हा आनंद माना, असे सांगून तो लगेच कारण देतो की विश्वासाची पारख झाल्याने धीर उत्पन्न होतो, आणि पुढे म्हणतो की त्या धीराला आपले कार्य पूर्ण करू द्या. ज्याला पूर्ण व्हायला अवधी द्यावा लागतो, ते आठवड्याभरात किंवा वर्षभरात दिसलेच पाहिजे, असा आग्रह याकोबाचा नाही. त्याच्या पुढचे वचन आपण सहसा या वचनाशी जोडून वाचत नाही. तुमच्यापैकी कोणी ज्ञानाने उणा असेल तर त्याने देवाजवळ मागावे, आणि देव कोणाला दोष न लावता उदारपणे देतो, असे ते वचन आहे. आपली परीक्षा आनंदाची कशी मानावी हे ज्यांना उमगत नाही, असे वाचक याकोबाच्या डोळ्यांसमोर होते, हे यावरून स्पष्ट दिसते. आणि देव त्यांना दोष लावत नाही, हे त्याने आधीच लिहून ठेवले आहे. आपण स्वतःला जो दोष लावून घेत आहात, तो तिथे नाही.

प्रभू येशू बेथानीला आपला मित्र लाजर याच्या कबरेजवळ रडला. काही क्षणांत आपण त्याला कबरेबाहेर बोलावणार आहोत हे ठाऊक असूनही तो रडला. गेथशेमाने बागेत त्याने आपल्या शिष्यांना सांगितले की माझा जीव मरणप्राय खिन्न झाला आहे, तुम्ही इथे राहा आणि माझ्याबरोबर जागे राहा. इब्री लोकांस पत्राच्या बाराव्या अध्यायात म्हटले आहे की जो आनंद त्याच्यापुढे होता त्यासाठी त्याने क्रूस सहन केला. तो आनंद पुढे होता. खिळे ठोकले जात असताना त्या वेदनेलाच त्याने आनंद म्हटले नाही. दुःखातला ख्रिस्ती आनंद मला तरी याच जागी उभा दिसतो. जे गेले ते गेलेच, त्याची किंमत कमी करायची नाही, आणि तरीही ज्याच्या हाती आपण आहोत तो आपल्याला सोडून गेलेला नाही, एवढ्यावर पाय रोवून चालायचे. असे चालताना डोळे कोरडे असावेत, अशी अट शास्त्रात कुठेही घातलेली नाही.

या निमित्ताने आपल्या मंडळ्यांविषयी एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. साक्ष म्हणजे संकट संपल्यावर सांगायची हकिगत, असा समज आपल्यात रुजला आहे. नोकरी लागली, गाठ साधी निघाली, मुलगा दारूतून सुटला, की आपण उभे राहतो. जिचे संकट अजून चालू आहे तिला एकतर गप्प बसावे लागते किंवा न आलेली शांती आल्याचे सांगावे लागते. पण पवित्र शास्त्रातील १५० स्तोत्रांपैकी सुमारे एकतृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत, आणि ती देवाच्या लोकांनी उपासनेत म्हटली आहेत. तेराव्या स्तोत्रात सुरुवातीलाच ‘कोठवर’ हा प्रश्न चार वेळा येतो. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते, शेवटी आशेची एक ओळसुद्धा येत नाही. तरी ते पवित्र शास्त्रातून कोणी वगळले नाही. ज्याने ते लिहिले तो देवाशीच बोलत होता, हीच त्याची साक्ष आहे.

आपल्याच मातीतील पंडिता रमाबाईंचे उदाहरण मी देतो, कारण त्याही लहानग्या मुलीला घेऊन विधवा झाल्या होत्या. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांनी आई, वडील आणि थोरली बहीण गमावली, १८८० मध्ये भाऊ गेला, आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने वारले तेव्हा त्यांची मुलगी मनोरमा एक वर्षाचीही नव्हती. ख्रिस्तावरचा विश्वास त्यांनी यानंतर, १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेऊन स्वीकारला, आणि तो स्वीकारल्यावरही अंतःकरणाची खरी स्वस्थता मिळायला आपल्याला पुढे कित्येक वर्षे लागली, असे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः तिथे गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या शेकडो मुली व स्त्रियांना त्यांनी आपल्या आश्रयाला आणले. पुणे जिल्ह्यातील केडगावचे मुक्ती मिशन त्यातून उभे राहिले. दुष्काळात काय होते हे त्यांना कोणी समजावून सांगावे लागले नाही. आईवडिलांबरोबर पाने आणि रानातली फळे खाऊन काढलेले दिवस त्यांच्या अंगी होते, आणि रस्त्याच्या कडेला बसलेल्या मुलीकडे पाहताना त्यांना स्वतःचीच आठवण होत होती. म्हणून आईवडिलांचे मरण ‘बरेच झाले’ असे रमाबाईंनी म्हटले नाही, आणि आपणही म्हणू नये. पण त्या दुःखाला देवाने वाया जाऊ दिले नाही, एवढे त्यांच्या आयुष्यावरून निश्चित म्हणता येते. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या पहिल्या अध्यायात पौल जे सांगतो, की देव आमचे सांत्वन करतो ते यासाठी की आम्हालाही संकटात असलेल्यांचे सांत्वन करता यावे, ते केडगावात प्रत्यक्ष घडले. मात्र पतीच्या मृत्यूनंतर त्याला चौदा वर्षे लागली, हेही लक्षात असू द्या.

आपण साक्ष देणे थांबवू नये, पण ती बदलावी. पुढच्या सभेत सरळ सांगा, ‘हे वर्ष मला फार जड गेले आहे. रात्री झोप लागत नाही. मुलींच्या फीची काळजी आहे. प्रभूने मला सोडलेले नाही हे मी धरून आहे, पण आनंद मला अजून सापडलेला नाही. माझ्यासाठी प्रार्थना करा.’ यातील एकही वाक्य अविश्वासाचे नाही. आणि रोज एक विलापस्तोत्र मोठ्याने वाचा. आपल्याजवळ शब्द नसतील त्या दिवशी दावीदाचे शब्द वापरायला हरकत नाही. मुलींनाही ऐकू द्या, म्हणजे बाबांविषयी देवाजवळ रडता येते हे त्यांना कळेल.

या भगिनीच्या मंडळीतील भगिनींनाही दोन शब्द लिहितो, कारण हे त्यांच्याही वाचनात येईल. मुलेबाळे आणि आरोग्य गमावलेल्या ईयोबाचे मित्र आले तेव्हा ते सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि त्याची वेदना पाहून एक शब्दही बोलले नाहीत. तिथपर्यंत त्यांचे सारे बरोबर होते. वचने ऐकवण्याआधी तिच्याबरोबर बँकेत जा, वारसाचे कागद करायला मदत करा, अपघाताच्या भरपाईचा दावा मुदतीत दाखल झाला आहे की नाही हे जाणकार बांधवाकडून पाहून घ्या. वर्षश्राद्ध आपण करत नाही, पण त्या तारखेला ती घरात एकटी नसेल एवढे पाहणे आपल्या हाती आहे.

प्रश्न : आमचा सात वर्षांचा मुलगा जन्मापासून आजारी असतो. बाहेरगावाहून आलेल्या एका उपदेशकांनी हात ठेवून प्रार्थना केली आणि नंतर आम्हाला बाजूला घेऊन सांगितले की घरात काही लपलेले पाप आहे, ते कबूल करा, म्हणजे मूल बरे होईल. आम्ही उभयतांनी आठवून आठवून सर्व कबूल केले. मुलगा तसाच आहे.

उत्तर : या प्रश्नाचे उत्तर प्रभूने स्वतः दिले आहे, म्हणून मला फार लिहावे लागत नाही. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी हेच विचारले की पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी? प्रभू म्हणाला, याने नाही आणि याच्या आईबापांनीही नाही. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली त्याविषयी बोलतानाही, ती इतरांपेक्षा अधिक दोषी होती ही कल्पना त्याने स्पष्टपणे नाकारली. पापाची कबुली ही प्रत्येक ख्रिस्ती माणसाच्या नित्य प्रार्थनेतली गोष्ट आहे, परंतु मुलाच्या औषधाची किंमत म्हणून ती आईबापांकडून वसूल करण्याचा अधिकार कोणत्याही उपदेशकाला नाही. आपण कबूल केले ते क्षमा झाले आहे. ते पुन्हा उकरू नका. मुलाचे उपचार चालू ठेवा, त्याला संडे स्कूलला न्या, आणि त्याच्यासमोर त्याच्या आजाराविषयी ‘परीक्षा’ किंवा ‘शिक्षा’ हे शब्द कोणी वापरणार नाही याची काळजी घ्या. सात वर्षांचे मूल असे शब्द ऐकते आणि आपणच घरावरचे संकट आहोत असे मनात धरते.

प्रश्न : माझे पती मला मारतात. लग्नाला अकरा वर्षे झाली. मी एका वडीलधाऱ्या सेवकांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, ‘बाई, हा तुझा क्रूस आहे, तो आनंदाने उचल, दुःखसहनाने तुझी आत्मिक वाढ होईल आणि तुझ्या सहनशीलतेने तो प्रभूकडे वळेल.’ मी अजून किती सहन करावे?

उत्तर : भगिनी, इथून पुढे जराही नाही. आपल्या पतीचा हात हा आपला क्रूस नाही. प्रभूने ज्या क्रूसाविषयी सांगितले तो त्याच्यामागे चालल्यामुळे येणारा आणि आपण होऊन उचललेला असतो. घरातल्या माणसाने रागाच्या किंवा दारूच्या भरात अंगावर टाकलेला मार त्यात बसत नाही. ज्यांनी आपल्याला तसे सांगितले त्यांनी शास्त्राचा आधार घेऊन फार मोठी चूक केली आहे.

प्रेषितांच्या कृत्यांचा सोळावा अध्याय पाहा. फिलिप्पै शहरात पौल आणि सीला यांना छड्यांनी मारून तुरुंगाच्या आतल्या खोलीत टाकले, त्यांचे पाय खोड्यात अडकवले, आणि मध्यरात्री ते दोघे प्रार्थना करून देवाची गीते गात होते. संकटातल्या आनंदावर उपदेश करताना हा उतारा आपण सगळेच घेतो आणि गीतांपाशी, फार तर भूकंपापाशी आणि तुरुंगाधिकाऱ्याच्या बाप्तिस्म्यापाशी थांबतो. पण अध्याय तिथे संपत नाही. सकाळी अधिकाऱ्यांनी निरोप पाठवला की या माणसांना सोडून द्या. पौलाने जायचे नाकारले. आम्ही रोमी नागरिक असता चौकशी न करता आम्हाला उघडपणे मारले, तुरुंगात टाकले, आणि आता गुपचूप घालवून देता काय? तसे चालणार नाही. त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावे, असे तो म्हणाला. अधिकारी घाबरले आणि त्यांना यावे लागले. रात्री गाणारा पौल आणि सकाळी कायद्याने आपला हक्क मागणारा पौल हा एकच माणूस आहे. अन्यायाचा जाब विचारल्याने त्याच्या रात्रीच्या गीताला कमीपणा आला नाही.

आपल्या देशात कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा कायदा आहे आणि तो ख्रिस्ती स्त्रीलाही लागू आहे. जिल्ह्यातील संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते, न्यायालय पतीला मारहाण करण्यापासून मनाई करू शकते, आणि पतीच्या घरात राहण्याचा आपला हक्क त्या कायद्याने मान्य केला आहे. महिला हेल्पलाइनचा क्रमांक १८१ आहे आणि जिवाला धोका असेल तेव्हा ११२ वर फोन करावा. माहेरी किंवा विश्वासाच्या घरी आधी सुरक्षित व्हा, मारहाणीच्या खुणा सरकारी दवाखान्यात नोंदवून घ्या, आणि आपले व मुलांचे कागदपत्र जवळ ठेवा. पतीने प्रभूकडे वळावे अशी प्रार्थना आपल्याला सुरक्षित ठिकाणाहूनही करता येते. त्याला पश्चात्तापाची वाट दाखवणे हे काम त्याच्या पाळकाचे आणि मंडळीतील पुरुषांचे आहे, आणि ते त्यांनी आजवर का केले नाही हे त्यांना विचारले गेले पाहिजे.

प्रश्न : माझे वय ७१ आहे. दोन वर्षांपासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस घ्यावे लागते. पूर्वी मी गायनमंडळात पेटी वाजवत असे आणि गावोगावी सेवेला जात असे. आता डायलिसिसच्या दिवशी प्रार्थना करण्याचेही बळ राहत नाही आणि दुसऱ्या दिवशी उपासनेला जाववत नाही. कधी कधी वाटते की आता जगून काय करायचे. बरे होण्यासाठी केलेल्या प्रार्थना ऐकल्या गेल्या नाहीत. या अवस्थेत आत्मिक वाढ कसली?

उत्तर : आदरणीय बंधू, सलाम. आधी एक गोष्ट विचारतो, ती कृपया टाळू नका. जगून काय करायचे हा विचार वारंवार येत असेल, तर तो आपल्या मुलांना आणि डॉक्टरांना या आठवड्यातच सांगा. दीर्घ आजारात मन खचते आणि त्यावर उपचार असतात. टेली-मानस ही सरकारची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून ‘पुरे झाले, आता माझा प्राण घे’ असे म्हणाला, तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. त्याला झोपू दिले, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई उशाशी ठेवली, तो जेवून पुन्हा झोपला तर पुन्हा उठवून जेवू घातले, कारण पुढची वाट त्याला झेपणारी नव्हती, असे १ राजे १९ मध्ये लिहिले आहे. देवाशी त्याचे बोलणे झाले ते त्यानंतर, होरेब डोंगरावर.

पौलाच्या शरीरात काटा होता. तो काय होता हे त्याने सांगितलेले नाही, पण तो काढावा म्हणून तीनदा विनंती केली, हे सांगितले आहे. काटा गेला नाही. ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ असे उत्तर आले. म्हणून आपल्या प्रार्थना ऐकल्या गेल्या नाहीत, असे मी म्हणणार नाही, आणि बरे होण्यासाठी मागणे थांबवा असेही म्हणणार नाही. पौलाने उत्तर येईपर्यंत मागितले, आपणही मागत राहावे.

वाढीविषयी विचारता, तर सेवेची जागा बदलली आहे, एवढे मला आपल्या पत्रातून दिसते. आठवड्यातून तीन दिवस आपण ज्या खोलीत तीन-चार तास झोपून असता, तिथे शेजारच्या खाटांवर बहुधा तीच माणसे असतात. त्यांच्यापैकी कोण पहिल्यांदाच आले आहे, कोणाच्या हाताला सुई टोचताना भीती वाटते, कोणाला घरून कोणी आणायला येत नाही, हे कोणत्याही पाळकापेक्षा आपल्याला अधिक कळते. त्यांना उपदेश करण्याची गरज नाही. नाव विचारा, आणि घरी आल्यावर, बळ असेल त्या दिवशी, ती नावे देवापुढे घ्या. बळ नसेल त्या दिवशी रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातील अभिवचनावर विसंबून पडून राहा, की कशी प्रार्थना करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः अवाच्य कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो.

उपासनेला जाता येत नसेल तर आपल्या पाळकांना निरोप पाठवा की महिन्यातून एकदा प्रभुभोजन घरी आणावे. डायलिसिसचे वार त्यांना कळवा, म्हणजे ते मधला दिवस धरतील, आणि गायनमंडळातील एकदोघांना बरोबर यायला सांगा. पेटी घरात असेल तर ती पुसून ठेवा. दोन कडवी झाली तरी वाजवा.